आधी थांबायचं बघा

सकाळी ७

शटर वर गेलं की आधी घोड्या तपासायच्या. प्रीमियर पद्मिनी परवापासून चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे, चाकं भिंतीला टेकवलेली. रात्रीत काही हलत नसतं, तरी बॉडीला खांदा लावून एकदा रेटून बघतो. आज दिवसभर कुणी ना कुणी तिच्याखाली असणार, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणारा माणूस मी गॅरेजात ठेवत नाही.

गाडी १९७४ ची. तुरिनमध्ये १९६२ साली फियाटनं ११०० डी काढली, ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायला लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आपल्या मुलखातल्या माणसाचा कारखाना होता हे लोक विसरले.

मालक निवृत्त प्राध्यापक. आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पहिल्यांदा आले तेव्हा मागणी अशी होती: “मिस्त्री, चारी चाकांना डिस्क टाका आणि खालनं जरा टाइट करा. वळणावर लई झुलते.”

म्हटलं, सर, आधी जे आहे ते जाग्यावर आणू. त्यानंतर काय कमी पडतंय ते बघू.

या धंद्यात अपग्रेड म्हणून जे मागितलं जातं, त्यातलं निम्मं चांगल्या दुरुस्तीतच मिळून जातं. कुर्ल्यात बनली तेव्हा ही गाडी झुलत नव्हती. पुढं दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग, शिवाय स्टॅबिलायझर बार, मागं पाटे. त्या काळातल्या सुमारे ९०० किलोच्या घरगुती गाडीला हे सस्पेन्शन चांगलंच होतं. आज झुलते कारण बुश संपलेत, शॉकअप मेलेत आणि मागचा डावा पाटा बसलाय. त्यावर कडक स्प्रिंग घातली तर खड्ड्याचा मार थेट बॉडीत जाणार. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. पन्नास वर्षांचा पत्रा आणि पन्नास वर्षांची स्पॉट वेल्डिंग. मग दारं नीट लागेनात, काच करकरायला लागली की माणसं परत माझ्याकडंच येतात. स्प्रिंगचा एक आटा कापून गाडी खाली बसवणाऱ्यांबद्दल तर सकाळी सकाळी नकोच बोलायला.

७.३०

आमचं पोरगं आलं. नाव चांगलं आहे त्याचं, पण सगळे बारक्या म्हणतात. मागचे ड्रम काढायला घेतले. मागं डिस्क घालायची नाही हे मी ठरवूनच टाकलंय. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. तिथं जास्त ताकद दिली तर ती आधी घासटणार आणि गाडीचं ढुंगण फिरणार. मागचे ड्रम नीट असले की पुष्कळ झालं. हँडब्रेकही तिथंच आहे, तो डिस्कवर आणायचा म्हणजे आणखी एक उपद्व्याप.

ड्रम निघाला तशी आत काळी भुकटी. बारक्यानं हवेचा पाइप उचलला. “ठेव तो खाली.” जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ही भुकटी उडवायची नसते, फुंकायची तर नसतेच. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. माझे उस्ताद तोंडानं फू करून ड्रम साफ करायचे, आम्हीही केलं. आता कुणाला करू देत नाही.

उजव्या व्हील सिलिंडरचं रबर कापलं गेलंय, लायनर ऑइलनं भिजलेलं. भिजलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन, सँडपेपर मारून परत घालणारे आहेत. गरम झालं की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं आणि एक चाक धरत नाही, गाडी एका बाजूला ओढते. नवीन शू, नवीन सिलिंडर, दोन्ही बाजूंना. ब्रेकचं काम एका बाजूचं नसतंच.

८.३०

पुढचे दोन्ही स्टब घेऊन लेथवाल्या मामांकडं. आमचं हे उद्यमनगर ऑइल इंजिनांवर वाढलं. आता इंजिनं कमी झाली, पण हात आहेत. जुन्या गाडीचं काम कोल्हापुरात जमतं ते या शेजारामुळं. लेथ, पाटेवाले, रबरवाले, सगळे हाकेच्या अंतरावर.

आजच्या गाड्यांत स्टिअरिंगला चाक वळतं ते बॉल जॉइंटवर. पद्मिनीत किंग पिन आहे: एक उभी पोलादी पिन, तिच्या वर-खाली पितळी बुश, आणि त्यावर सगळा स्टब फिरतो. ग्रीस मिळालं तर ही व्यवस्था वर्षानुवर्षं हलत नाही. ग्रीस कुणी देत नाही, हा भाग वेगळा. सरांच्या गाडीचं चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट ऐकू यायची आणि हाताला खेळ कळायचा. असला खेळ ठेवून पुढं डिस्क घातली तर ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हातात थरथरणार, आणि दोष जाणार डिस्कला.

मामांनी जुने बुश दाबून काढले, नवे प्रेसमध्ये धरले. “थांबा,” म्हणाले आणि चष्मा वर करून बुशाचं बारकं भोक निपलच्या भोकासमोर आणून खडूनं खूण केली. इथंच लोक चुकतात. बुश पाव आटा फिरलेला बसला तर निपलमध्ये कितीही ग्रीस मारा, पिनेपर्यंत पोचत नाही; मारणाऱ्याला वाटतं आपण ग्रीसिंग केलं.

बुश दाबला की आतून किंचित आवळतो, म्हणून रीमर फिरवावा लागतो. मामा तो मशिनवर फिरवत नाहीत. लांब रीमर, दोन्ही बुशांतून एका रेषेत जाईल असा, वर आडवा दांडा, आणि ऑइलचे थेंब. अर्धा फेरा, बाहेर, पुसायचं, पिन लावून बघायची. परत अर्धा फेरा. उलटा कधी फिरवायचा नाही, धार जाते. पितळेचा केसाएवढा पातळ कीस खाली पडत राहतो. पिन अंगठ्याच्या जोरानं आत गेली पाहिजे आणि हात सोडल्यावर आपल्या वजनानं सावकाश उतरली पाहिजे. धपकन पडली तर बुश गेला.

पिन उतरायला लागली. मामा तिच्याकडं बघत म्हणाले, “आता कुणाला यायचं न्हाई ह्ये. पोरास्नी सीएनसी येतंय.” मी काही बोललो नाही. सीएनसी मलाही आवडतं. हब आणि डिस्कच्या मधला अडॅप्टर आम्ही सीएनसीवरच करून घेतलाय.

१०.००

पाटेवाल्या चाचांकडं फार थांबलो नाही, ते थांबूही देत नाहीत. एकेक पान दोरीला टांगून हातोडीनं वाजवतात. चांगलं पान खणकन वाजतं, बारीक चीर गेलेलं बद्द वाजतं. डाव्या पाट्यातलं दुसरं पान बद्द निघालं, ते बदललं. जमिनीवर खडूनं उजव्या पाट्याची कमान आखून ठेवली होती. डावी पानं ऐरणीवर थंडच ठोकत ठोकत त्या रेषेवर आणली. घाईत भट्टीत घालून कमान देणारे असतात, त्यात पोलादाचं पाणी जातं आणि पाटा काही महिन्यांत परत बसतो. पानांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस, नवा सेंटर बोल्ट, झालं.

“एक पान वाढवू का?” चाचांनी विचारलं. डिकीत पोती घालणाऱ्यांना ते वाढवून देतात.

“नको चाचा. सर आणि बाई, दोघंच फिरतात.”

११.००

गाडीखाली. पाटे चढवले, यू-बोल्ट हातानं लावले. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला आणि शॅकलमधला बोल्ट मात्र मुद्दाम ढिला ठेवला. या बुशात रबर आहे, ते बोल्टाभोवती घसरत नाही, पिळतं. गाडी घोडीवर लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत धरलं जातं; गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून आवळायचं ते चाकं जमिनीवर आल्यावर, वजन घेतल्यावर. बारक्याला हे सांगितलंय, तरी त्याचा हात पान्याकडं जातो. मी बोल्टाच्या टोकाला लाल रंग लावून ठेवलाय: लाल दिसला की हात लावायचा नाही.

शॉकअप गॅसचे, मूळ शॉकअपपेक्षा किंचितच कडक. स्प्रिंग मूळच्याच, साफ करून, उंची मोजून. दोन्हींत फरक निघाला नाही. स्टॅबिलायझरचे रबर नवे. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, तरुण पोरं तेच मागतात, आणि शर्यतीच्या गाडीला ते ठीकही आहेत. पण त्यानं रस्त्याचा सगळा आवाज आत येतो, आणि पद्मिनीत मागच्या सीटवर माणूस झोपू शकतो हीच तर तिची श्रीमंती.

स्प्रिंग आत घेताना बारक्याला बाजूला केलं. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस लोळवण्याएवढा जोर असतो. मधून जाड आट्याचा रॉड, वर-खाली प्लेट, आणि सावकाश आवळत नेणं. जॅकनं आर्म दाबून स्प्रिंग बसवण्याचं धाडस मी बघितलंय. ती उडालेली स्प्रिंग कुठं गेली तेही बघितलंय.

१२.३०

सर आले. हातात पिशवी, पिशवीत कागद. क्लबातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की डिस्क घातली की गाडीची ओरिजिनॅलिटी गेली.

“सर, १९६६ ला फियाटनं ११०० आर काढली. हीच गाडी, हेच १०८९ सीसीचं इंजिन. पुढं काय होतं?”

“काय होतं?”

“डिस्क. तुरिनवाल्यांनी स्वतःच घातल्या. आपल्याकडं मात्र ड्रमचा जुना साचा चालू राहिला.”

सर खूश झाले, वहीत लिहून घेतलं. माझं या सगळ्या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे: बनवणाऱ्यानं आणखी चार वर्षं विचार केला असता तर जे केलं असतं, तिथपर्यंत जायचं. पुढं डिस्क त्यानं केली. दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट पुढं जगभर आली. रुंद टायर, जमिनीला लोळणारी गाडी, दीडपट इंजिन हे त्याच्या विचारात बसत नाही. ४० च्या आसपास अश्वशक्तीच्या गाडीला ते शोभतही नाही.

मग कायद्याचं निघालं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि ती गाडी रोज वापरता येत नाही. सरांना तर रोज भाजी आणायला पद्मिनीच लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कारखान्याच्या मूळ नमुन्याच्या बाहेर गाडी बदलू नका असं बजावलं.

“मग आपण करतोय ते?”

“आरटीओत विचारून, कागद करून घ्यायचा. आणि माझा नियम असा आहे, सर: गॅस कटर लावायचा नाही, स्टबला वेल्डिंग करायचं नाही. जे काय बसेल ते मूळच्या भोकांत, मूळच्या बोल्टांच्या जागी. तुमचे ड्रम, प्लेटा, जुना मास्टर सिलिंडर, सगळं ग्रीस लावून या खोक्यात. उद्या वाटलं तर मागं फिरता येतं.”

सरांनी खोकं उघडून बघितलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. हे काम बारक्याचं, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

१.३०

जेवण. मामा आज आमच्याकडंच डबा घेऊन आले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा विषय निघाला. तिथं शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरनं गेल्या. लोकांनी फोटो काढले. आम्हाला वेगळीच चिंता: टॅक्सी होत्या तोवर किंग पिन, बुश, लायनर बनवणारे होते. आता कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फोन करून ‘आहे का’ विचारायचं, आणि असलं की दोन जोड घेऊन ठेवायचे.

२.१५

आता डिस्क. कॅलिपर, डिस्क, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर, चारही एस्टीमचे घेतलेत. मारुती ८०० चे स्वस्त मिळतात आणि पुष्कळ जण तेच घालतात, पण ती साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी. तिच्या ब्रेकवर पद्मिनीचं वजन का टाकायचं? एस्टीम वजनानं पद्मिनीच्या जवळपास. आणि चारही वस्तू एकाच गाडीच्या असल्या की त्यांचं आपसातलं गणित कारखान्यानंच जुळवलेलं असतं. एका गाडीचा मास्टर आणि दुसरीचा कॅलिपर घेतला की पेडल एक तर दगड होतं नाही तर खाली जातं.

स्टबवर जिथं ड्रमची प्लेट बसायची, त्याच भोकांत १२ मिलिमीटरच्या पोलादी पट्टीचा ब्रॅकेट. त्यावर कॅलिपर. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का ते प्रत्येक बोल्टाचं बघतो. बाजारात दिसायला सारखे, डोक्यावर काही न कोरलेले बोल्ट मिळतात. ते ग्रिलला लावायचे, ब्रेकला नाही.

डिस्क हबवर चढवून डायल गेज लावला. काटा शून्यावर आणून बारक्यानं डिस्क हळूहळू फिरवली. दहावा हिस्सा मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त डगमग मला चालत नाही. पेडल पायाखाली धडधडतं. उजवीकडं काटा ठीक राहिला. डावीकडं तो दीडपट गेला. डिस्क काढली, अडॅप्टरच्या तोंडावर नख फिरवलं. एक बुरा, डोळ्याला दिसणार नाही एवढा. कानशीचा एक हात, पुसून परत. काटा जाग्यावर.

मग कॅलिपर. डावा डावीकडं, उजवा उजवीकडं; हे सांगावं लागू नये, पण मागं एका गॅरेजातनं आलेल्या गाडीत अदलाबदल होती. तसं केलं की हवा काढायचं निपल खाली जातं. हवा वर राहते, निपल खाली, मग दिवसभर पंप मारत बसा. निपल नेहमी सर्वांत उंच जागी.

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होज कुठं घासतो का, ताणतो का ते बघितलं. नंतर चाक लावून रिमच्या आत कॅलिपर मोकळा फिरतोय का. पद्मिनीचं चाक १४ इंची, त्यामुळं जागेची ददात नाही.

आणि डिस्क का, असं सर विचारत होते त्याचं उत्तर इथं हातात धरून देता येतं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल तेवढं खाली. डिस्क तापली की जाड होते, पॅडच्या जवळ येते. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं तर ते आत राहतं आणि पुढच्या चार-दोन ब्रेकला काही लागतच नाही. डिस्क उघडी, फिरता फिरता पाणी फेकते. कोल्हापूरच्या पावसात एवढं कारण पुरे. एकच गोष्ट ड्रमकडं आहे ती डिस्ककडं नाही: ड्रमचा पुढचा शू फिरण्याच्या ओढीनं आपणच आत खेचला जातो, फुकटचा जोर मिळतो. डिस्कला सगळा जोर पायानं द्यावा लागतो. म्हणून बूस्टर.

३.४५

पाइप. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर कालच बसवून ठेवलेत, त्यावर आधी बरीच डोकेफोड झाली. आधीच्या कुणीतरी गाडीत तांब्याच्या नळ्या घातल्या होत्या. वाकायला सोप्या म्हणून मेकॅनिकला आवडतात. पण कंप लागून लागून तांबं कडक होतं आणि तडकतं. सगळ्या काढून पोलादी. टोकांना दुहेरी फ्लेअर, म्हणजे नळीचं तोंड उलटून स्वतःवरच बसवायचं. एकेरी फ्लेअरला पाण्याचा दाब चालेल, ब्रेकचा नाही.

मूळ गाडीत सगळ्या चाकांना एकच सर्किट. कुठं एक नळी फुटली की चारी ब्रेक एकदम जातात आणि हातात हँडब्रेक राहतो. नव्या मास्टरमध्ये दोन कप्पे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांत सर्किट सहसा तिरकं असतं, एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं. आम्ही एक कप्पा पुढच्या दोन्हींना आणि एक मागच्या दोन्हींना दिला, मागच्या वाटेत दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. असं केलं की दोन्ही कॅलिपर एकाच कप्प्यावर येतात, तेव्हा त्या कप्प्यातलं ऑइल दोघांना पुरतंय का ते बघावं लागतं. ते थोड्या वेळानं.

जुन्या मास्टरचं तोंड वापरायचा मोह होतो, कारण नळ्या जुळतात. त्यात ड्रमसाठी दाब थोडा अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो ठेवला तर पॅड कायम घासत राहतात आणि पंधरा-वीस किलोमीटरवर चाकातनं वास येतो.

४.४५

हवा काढणं. बारक्या सीटवर, मी खाली. मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.” निपल अर्धा आटा सोडला. बुडबुडे. आवळला. “सोड. सावकाश.”

पहिल्या काही वेळा बारक्याला पाय ओल्या कणकेत रुतल्यासारखा वाटत होता. मध्ये मध्ये टाकीत ऑइल भरायचं. टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून सगळं. डॉट ४ घालतो. कोरड्या स्थितीत ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ चा आकडा २०५. पण दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि मग उकळणं खाली येतं, डॉट ४ चं १५५ पर्यंत. उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला. म्हणून उघड्या डब्यातलं, गेल्या पावसाळ्यातलं ऑइल मी फेकून देतो. बॉनेटच्या कडेवर एक थेंब सांडला. बारक्यानं लगेच पाण्याचा मग ओतला. हे ऑइल रंग खातं, पुसून जात नाही, धुवावंच लागतं.

चारी चाकं झाल्यावर पेडल वर आलं. मग ती चाचणी: मागचं एक निपल मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे मागचं सर्किट फुटलं असं समजा. बारक्यानं पेडल दाबलं. खोल गेलं, पण जमिनीच्या आधी थांबलं, आणि पुढची चाकं मी हातानं जोर लावूनही फिरेनात. मग उलटं, पुढचं उघडून मागचं. तेही धरलं. परत एकदा हवा काढून बंद.

६.१५

चाकं लावून गाडी जमिनीवर. नवे टायर रेडियल; मूळचे ५.२०-१४ चे क्रॉसप्लाय होते. गाडी पुढं-मागं ढकलून, चारी कोपरे दाबून तिला आपल्या वजनावर बसू दिलं आणि मग बारक्याला म्हटलं, “आता लाल बोल्ट.” तो पाना घेऊनच उभा होता.

कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. पूर्वी तीन-चार वेळा डुलायची. टो-इन दोरी आणि पट्टीनं ढोबळ लावलं, क्रॉसप्लायपेक्षा कमी. पक्कं उद्या मशिनवर.

८.१५

गर्दी ओसरल्यावर शहराबाहेर. नवे पॅड एकदम दाबून तपासायचे नसतात, आधी डिस्कशी त्यांची ओळख व्हावी लागते. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबानं उतरवायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार करायचं, परत. थांबून पाय दाबून धरला तर तापलेल्या पॅडचा डाग डिस्कवर बसतो. पुन्हा पुन्हा तेच केल्यावर वास आला, गेला, आणि पेडल पायाला कळायला लागलं.

मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून जोरात. मागची चाकं जराशी आधी घासटली. उतरून मागचा व्हॉल्व्ह अर्धा आटा आत घेतला. परत. आता पुढची आधी, गाडी सरळ. स्टिअरिंगवरचे हात किंचित उचलून बघितलं, ओढत नाही. बारक्या शेजारी बसून काच धरून होता.

“लई भारी थांबतीया, मालक.”

ताशी ४० ऐवजी ८० वर असलो तर थांबायला चौपट उष्णता सोडावी लागते, हे त्याला परतताना समजावलं. तो म्हणाला, मग ८० वर जायचंच कशाला. त्याच्या वयात असं कुणी म्हणत नाही.

गॅरेजात येऊन उलटा हात चाकांजवळ नेला. पुढची दोन्ही सारखीच तापलेली, मागचे ड्रम कोमट. नळ्यांच्या जोडांवर कोरडा कागद फिरवला, डाग नाही. चाकांचे नट परत आवळले. डायरीत लिहिलं: सकाळी थंड गाडीवर पेडल बघणे, ऑइलची पातळी, अलाइनमेंट, किंग पिनला ग्रीस, ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि ब्रॅकेटचे बोल्ट.

सरांचा फोन आला. उद्या पन्हाळ्याला न्यायची का, बाईही येतो म्हणतात. म्हटलं, सर, आधी मी एकटा वर जाऊन वाघबिळाच्या उतारावरनं खाली येतो. मग दुपारी तुम्ही दोघं या.